व्हीएम झोपवा, पण फाइल तुम्ही उघडा: क्यूएमूला फाइल डिस्क्रिप्टर कसा द्यायचा

चालू व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) आहे तशी गोठवायची, फाइलमध्ये ठेवायची आणि उद्या तिथूनच पुढे चालू करायची, हे क्यूएमूत, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका ओळीचं काम आहे. मॉनिटरवर (क्यूएमूला कमांड द्यायची जागा) 'मायग्रेट' कमांडला फाइलचा पाथ दिला की झालं. घरच्या लॅपटॉपवर तेवढं पुरतं. सर्व्हरवर मात्र क्यूएमू मुद्दाम कमी हक्क दिलेल्या वेगळ्या युजरखाली चालतो. बॅकअपच्या डिरेक्टरीत त्याला लिहिता येत नाही, आणि येऊही नये. मग 'परमिशन डिनाइड' येतं आणि बरेच जण डिरेक्टरीला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करून मोकळे होतात.

असं करू नका. त्या फाइलमध्ये गेस्टची, म्हणजे व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टिमची, सगळी रॅम असते. उघडी पडलेली पासवर्डं, डिस्क एन्क्रिप्शनच्या चाव्या, कुणाच्या तरी ब्राउझरमधलं अर्धवट पान, सगळं त्यात येतं. ही फाइल ०६०० परवानगीनेच (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) तयार व्हायला हवी, आणि ती तुमच्या प्रोग्रॅमने तयार करावी, क्यूएमूने नाही.

यावरचा उपाय जुना आहे. फाइल आपण उघडायची आणि तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलला कर्नल देतो तो क्रमांक, क्यूएमूच्या हातात द्यायचा. पाहुण्याला नुसता पत्ता सांगितला तर सोसायटीच्या गेटवर वॉचमन अडवतो. आपणच खाली जाऊन त्याला आत घेऊन आलो तर कोणी विचारत नाही. युनिक्सच्या साध्या परवानग्या फाइल उघडतानाच तपासल्या जातात, नंतर नाही. एसईलिनक्स (लिनक्समधली जास्त कडक सुरक्षा व्यवस्था) मात्र जिन्यावरही हटकतो. दुसऱ्याकडून आलेला डिस्क्रिप्टर वापरायला चालेल का, हे तो परत पाहतो. म्हणून एसईलिनक्स चालू असेल तर फाइलचं लेबलही व्हीएमला चालणारं लागतं. लिबव्हर्ट (क्यूएमूच्या व्हीएम सांभाळणारं साधन) ते स्वतःच बघतो, हाताने करणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं.

एक खुलासा: कमांड, पाथ आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत. 'एफडी' म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, आणि 'क्यूएमपी' म्हणजे क्यूएमूचा जेसनवर चालणारा मॉनिटर.

आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका दोनच प्रश्न न विचारल्यामुळे होतात: या एफडीच्या प्रती कोणाकोणाकडे उघड्या आहेत, आणि फाइल सध्या कितव्या बाइटवर उभी आहे?

युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमनी बोलायची वाट) 'एससीएम-राइट्स' नावाच्या जोडसंदेशाने एफडी पाठवला की समोरच्याला नवा क्रमांक मिळतो. तुमच्याकडचा ९ त्याच्याकडे २३ होईल. क्रमांक वेगळे असले तरी दोघांच्या मागे कर्नलमधली उघडलेली फाइल एकच असते, आणि तिचा ऑफसेटही एकच. तुम्ही १०० बाइट लिहिलेत की क्यूएमू १०१व्या बाइटपासून लिहू लागतो. याचा फायदा घेता येतो आणि यानेच घातही होतो. दोन्ही पुढे येईल.

पायरी १: मॉनिटर युनिक्स सॉकेटवर ठेवा

एफडी फक्त युनिक्स सॉकेटवरून जातो. मॉनिटर टीसीपी पोर्टवर किंवा टर्मिनलवर असेल तर हा मार्ग बंद. म्हणून व्हीएम सुरू करतानाच 'क्यूएमपी' पर्यायाला 'युनिक्स:' आणि सॉकेटचा पाथ द्या, पुढे 'सर्व्हर=ऑन, वेट=ऑफ' जोडा. सॉकेटच्या डिरेक्टरीवर कडक परवानगी ठेवा. त्या सॉकेटपर्यंत जो पोचला, व्हीएम त्याची झाली.

सुरुवातीलाच आणखी एक गोष्ट करा. मशीन टाइप आवृत्तीसकट लिहा, 'पीसी-क्यू३५-८.२' असा. नुसतं 'क्यू३५' लिहिलं तर ते टोपणनाव आहे. क्यूएमू अपग्रेड झाला की ते नव्या आवृत्तीकडे वळतं आणि जुन्या आवृत्तीखाली साठवलेली अवस्था बसेनाशी होते. सीपीयूचंही तसंच: 'होस्ट' मॉडेल (प्रत्यक्ष मशीनचाच प्रोसेसर गेस्टला दाखवणारं) वापरलंत तर ती फाइल दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर उघडेलच याची खात्री धरू नका.

पायरी २: क्यूएमपीशी बोलणं सुरू करा

मी पायथॉन वापरतो, कारण ३.९ पासून त्याच्या सॉकेट मॉड्यूलमध्ये 'सेंड-एफडीज' हे तयार फंक्शन आहे. त्याआधी 'सेंड-एमएसजी'ला जोडसंदेश हाताने बांधून द्यावा लागे.

सॉकेट जोडला की क्यूएमू आधी स्वतःची ओळख सांगणारी ओळ पाठवतो. ती वाचा. मग 'क्यूएमपी-कॅपेबिलिटीज' ही कमांड पाठवा (मध्ये अंडरस्कोअर आहे, जोडरेघ नाही). ती दिल्याशिवाय दुसरी कुठलीही कमांड चालत नाही.

उत्तरं वाचताना एक पथ्य पाळा. प्रत्येक ओळ तुमच्या कमांडचं उत्तर असेलच असं नाही, मध्येच 'इव्हेंट' घुसतात. 'स्टॉप' कमांड दिली की तिच्या उत्तराच्या आसपास 'स्टॉप' नावाचा इव्हेंटही येतो. म्हणून आलेल्या जेसनमध्ये 'रिटर्न' किंवा 'एरर' दिसेपर्यंत वाचत राहा आणि 'इव्हेंट' असलेल्या ओळी बाजूला ठेवा. हे न केल्यास एका कमांडचं उत्तर दुसरीला चिकटतं आणि मग सगळा हिशेब एका घराने सरकतो.

पायरी ३: व्हीएम थांबवा

'स्टॉप' द्या. न थांबवताही मायग्रेट चालतं, पण मग गेस्ट रॅम बदलत राहतो आणि बदललेली पानं परत परत लिहावी लागतात. साध्या प्रवाहात (एकामागून एक लिहीत गेलेल्या बाइटांत) रॅमचं एकच पान फाइलमध्ये चार वेळा येऊ शकतं, आणि फाइल रॅमपेक्षाही मोठी होऊ शकते. थांबवलेल्या व्हीएमची एकच फेरी होते. सगळी शून्यं असलेल्या पानासाठी पूर्ण ४,०९६ बाइट न लिहिता छोटीशी नोंद केली जाते, त्यामुळे बहुतांश रिकाम्या ४ जीबीच्या गेस्टची फाइल बरीच लहान निघते.

वेगाची मर्यादाही बघा. 'मॅक्स-बँडविड्थ' सध्याच्या आवृत्त्यांत मुळात सेकंदाला १२८ एमबी असते. ती नेटवर्कचा विचार करून ठेवलेली आहे, डिस्कचा नाही. तिच्यामुळे ४ जीबी भरगच्च रॅम लिहायला ३२ सेकंद लागतात, तुमची एनव्हीएमई डिस्क कितीही वेगवान असली तरी. 'मायग्रेट-सेट-पॅरामीटर्स'ने ती वाढवा.

पायरी ४: फाइल उघडा आणि एफडी द्या

तात्पुरत्या नावाने फाइल उघडा: फक्त लिहिण्यासाठी, नवी तयार करून, परवानगी ०६००. मग 'गेट-एफडी' कमांड तयार करा (रोमनमध्ये हा एकच शब्द, जोडरेघ नाही). हिला एकच माहिती लागते, 'एफडीनेम', म्हणजे तुम्ही ठेवाल ते नाव. मी 'जतन' ठेवतो. नावाची सुरुवात अंकाने करू नका, क्यूएमू ते नाकारतो. अंकाने सुरू होणारं म्हणजे वारशाने आलेला एफडी क्रमांक, असा त्याचा संकेत आहे.

आता कळीचा भाग. एफडी वेगळा पाठवायचा नसतो, 'गेट-एफडी'च्या जेसनचे बाइट ज्या 'सेंड-एफडीज'ने जातात त्याच्यासोबतच तो जातो. नुसती कमांड पाठवली तर 'नो फाइल डिस्क्रिप्टर सप्लाइड व्हाया एससीएम-राइट्स' असं उत्तर येतं. उलट बाजूने, नुसता एफडी पाठवता येत नाही, सोबत निदान एक खराखुरा बाइट असावा लागतो.

उत्तरात रिकामं 'रिटर्न' आलं की एफडी पोचला. ही नावं त्या मॉनिटर जोडणीपुरतीच असतात. एका जोडणीवर 'गेट-एफडी' आणि दुसरीवर 'मायग्रेट' केलं तर 'जतन' कोण, हे दुसरीला माहीत नसतं.

मग 'मायग्रेट' द्या, यूआरआय 'एफडी:जतन'. कमांड लगेच परतते, काम मागे चालू राहतं. 'क्वेरी-मायग्रेट' अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विचारत राहा. 'सेटअप', 'ॲक्टिव्ह' असं होत होत 'कम्प्लीटेड' आलं की जमलं. 'फेल्ड' आलं तर 'एरर-डेस्क'मध्ये कारण असतं. अशा वेळी 'कंट' देऊन व्हीएम परत चालू करा, तिचं काही बिघडलेलं नसतं. दुसरा प्रयत्न करायचा तर परत 'गेट-एफडी' लागेल. 'मायग्रेट'ने ते नाव एकदा उचललं की मॉनिटरच्या यादीतून ते गेलं.

पायरी ५: 'कम्प्लीटेड' म्हणजे डिस्कवर पोचलं असं नाही

बाइट कर्नलच्या कॅशमध्ये असू शकतात. म्हणून फाइलच्या एफडीची आपली प्रत बंद करू नका. तिच्यावर 'एफसिंक' करा (कॅशमधलं डिस्कवर उतरवायला कर्नलला सांगणं), मग तात्पुरतं नाव बदलून खरं नाव द्या, डिरेक्टरीवरही 'एफसिंक' करा, आणि हे सगळं झाल्यावरच क्यूएमूला 'क्विट' सांगा. हा क्रम उलटा झाला आणि मध्येच वीज गेली तर हातात ना व्हीएम, ना फाइल.

फाइल तपासायची सोपी खूण: साध्या प्रवाहाचे पहिले चार बाइट 'क्यू, ई, व्ही, एम' या मोठ्या रोमन अक्षरांचे असतात. 'हेड'ने चार बाइट काढून बघा. आणखी खोलात जायचं तर क्यूएमूच्या सोर्समध्ये 'स्क्रिप्ट्स' डिरेक्टरीत 'ॲनलाइझ-मायग्रेशन' ही पायथॉन स्क्रिप्ट आहे, ती आतली उपकरणं उलगडून दाखवते.

फाइल लिहून झाल्यावर 'क्विट' न देता 'कंट' दिलंत तर व्हीएम पुढे पळते आणि डिस्क बदलते. साठवलेली रॅम कालच्या डिस्कची, समोर डिस्क आजची. ती जोडी परत चालू केली की गेस्टची फाइल सिस्टिम खराब होते. अवस्था आणि डिस्क ही एकाच क्षणाची हवीत. व्हीएम पुढे चालवायचीच असेल तर त्याच क्षणी डिस्कचाही स्नॅपशॉट घ्या.

पायरी ६: परत उठवणं

साधा मार्ग शेलचा. फाइल ७ क्रमांकावर वाचण्यासाठी वळवा आणि तोच जुना कमांडलाइन संच देऊन शेवटी 'इनकमिंग एफडी:७' जोडा. इथे अंक चालतो, कारण एफडी वारशाने आलेला आहे. पायथॉनमधून क्यूएमू सुरू करत असाल तर 'सबप्रोसेस'ला 'पास-एफडीज'मध्ये तो क्रमांक द्यायला विसरू नका. ३.४ पासून पायथॉन नवे एफडी मुळातच वारशाने न जाणारे उघडतो.

दुसरा मार्ग: 'इनकमिंग डिफर' देऊन व्हीएम थांबलेल्या स्थितीत सुरू करा, क्यूएमपीवरून 'गेट-एफडी' करा, मग 'मायग्रेट-इनकमिंग'ला 'एफडी:जतन' द्या. मला हा जास्त आवडतो. चूक झाली तर ती जेसनमध्ये हातात येते, लॉगमध्ये शोधत बसावं लागत नाही.

आता तो घात. मला फाइलच्या सुरुवातीला स्वतःचा छोटा हेडर हवा होता: व्हीएमचं नाव, तारीख, कमांडलाइन. लिबव्हर्टही असंच करतो. त्याच्या सेव्ह फाइलच्या सुरुवातीला स्वतःचा हेडर आणि एक्सएमएल असतं, मागून क्यूएमूचा प्रवाह येतो. साठवताना सगळं सुरळीत झालं. मी ५१२ बाइट लिहिले, क्यूएमूने ५१३व्यापासून पुढे लिहिलं. उठवताना मात्र 'नॉट अ मायग्रेशन स्ट्रीम'. हेक्समध्ये फाइल बघितली तर ५१३व्या जागी क्यू-ई-व्ही-एम व्यवस्थित बसलेलं. अर्धा दिवस मी मशीन टाइपला दोष देत होतो.

दोष माझ्याच एका ओळीत होता. हेडर वाचायला मी पायथॉनचं साधं 'ओपन' वापरलं होतं. आपण ५१२ बाइट मागतो, ते आपल्या सोयीसाठी एकदम मोठा तुकडा उचलून ठेवतं, माझ्या वेळी ८ केबी. माझ्या हातात ५१२च आले, पण कर्नलमधला ऑफसेट ८,१९२वर गेला होता, आणि क्यूएमूला एफडी मिळाला तो तिथे उभा असलेला. म्हणून अशा फाइलला 'ओएस' मॉड्यूलचंच 'ओपन' आणि 'रीड' वापरा, आणि क्यूएमूला देण्याआधी 'एल-सीक' करून ऑफसेट हवा तिथे नेऊन ठेवा. सीक करून ठेवलात की मधे कोणी काय वाचलं याने फरक पडत नाही.

नवा मार्ग: 'फाइल:' आणि एफडीसेट

वरचा 'एफडी:' मार्ग सॉकेट आणि पाइपसाठी (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात बाइट नेणारी नळी) कायम आहे. साध्या फाइलसाठी त्याचा वापर मात्र क्यूएमू ९.१ पासून निवृत्तीच्या यादीत आहे. पुढच्या आवृत्त्यांत तो चालेलच असं धरू नका, नवी स्क्रिप्ट लिहीत असाल तर पुढचं वाचा. ८.२ मध्ये 'फाइल:' हा यूआरआय आला, ९.० मध्ये 'मॅप्ड-रॅम', आणि ९.१ मध्ये या दोन्हींबरोबर एफडी देण्याची नीट सोय झाली.

मॅप्ड-रॅममध्ये रॅमच्या प्रत्येक पानाची फाइलमधली जागा ठरलेली असते. पान पाच वेळा बदललं तरी त्याच जागी लिहिलं जातं, त्यामुळे फाइल अमर्याद फुगत नाही. शिवाय जागा ठरलेल्या असल्यामुळे 'मल्टिएफडी' चालू करून अनेक थ्रेड एकाच वेळी लिहू शकतात. अट एकच, फाइल पुढेमागे सरकवता येणारी हवी. पाइप चालत नाही.

इथे 'गेट-एफडी'ऐवजी 'ॲड-एफडी' वापरायचं. एफडी पाठवण्याची रीत तीच, सोबत 'एफडीसेट-आयडी' द्या, समजा १. मग 'मायग्रेट'चा यूआरआय होतो 'फाइल:/डेव्ह/एफडीसेट/१'. असा पाथ डिस्कवर कुठेच नसतो. क्यूएमू तो पाहून स्वतःच्या संचातला योग्य एफडी निवडतो. त्याचे नियम कडक आहेत:

साठवताना एफडी फक्त लिहिण्यासाठी उघडलेला हवा, उठवताना फक्त वाचण्यासाठी. 'दोन्ही करता येईल असा दिला तर काय बिघडतं' असं वाटतं. बिघडतं. उघडण्याची पद्धत तंतोतंत जुळली नाही तर क्यूएमूला संचात काहीच सापडत नाही.

मल्टिएफडी चालू असेल तर संचात दोन एफडी लागतात आणि ते एकमेकांची नक्कल नकोत. म्हणजे 'डुप' करून चालणार नाही, फाइल दोनदा उघडायची. 'डायरेक्ट-आयओ' वापरायचं असेल तर त्या दोघांपैकी नेमक्या एकावर 'ओ-डायरेक्ट' हवं. कारण सरळ आहे. रॅमची पानं आखीव मापाची असतात, ती कॅश टाळून थेट डिस्कवर जाऊ शकतात. उपकरणांची माहिती वेड्यावाकड्या लांबीची असते, तिला साधाच एफडी लागतो. ६४ जीबीची व्हीएम कॅशमधून लिहिली तर होस्टची सगळी कॅश तीच खाऊन टाकते, आणि शेजारच्या व्हीएम विनाकारण रांगतात. मोठ्या होस्टवर ही खटपट त्यासाठीच करायची.

स्वतःचा हेडर इथेही ठेवता येतो, पण ऑफसेटच्या भरवशावर नाही. यूआरआयमध्ये स्वल्पविराम देऊन 'ऑफसेट=४०९६' लिहा. ते न लिहिता हेडर ठेवलात तर क्यूएमू फाइल शून्यापासून कापतो आणि हेडर जातो.

मॅप्ड-रॅम आणि मल्टिएफडी दोन्ही 'मायग्रेट-सेट-कॅपेबिलिटीज'ने चालू होतात, उठवताना समोरच्या बाजूलाही तसंच. मॅप्ड-रॅम एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर फाइल वाचली जाणार नाही. काम झाल्यावर 'रिमूव्ह-एफडी'ने संच रिकामा करा. काय उरलंय ते 'क्वेरी-एफडीसेट्स' दाखवतं.

कॉम्प्रेस करायचं असेल तर

साध्या प्रवाहाचा हा मोठा गुण, तो पाइपमधून जातो. पाइप तयार करा, वाचणारं टोक 'झेडएसटीडी' या कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, लिहिणारं टोक 'गेट-एफडी'ने क्यूएमूला. आणि लिहिणाऱ्या टोकाची आपली प्रत लगेच बंद करा. फाइलच्या वेळी प्रत ठेवायला सांगितली होती, पाइपला उलट. तुमच्याकडे लिहिणारं टोक उघडं राहिलं तर क्यूएमूने त्याचं बंद केलं तरी झेडएसटीडीला 'संपलं' हे कळत नाही. तो वाट बघत बसतो, तुम्ही त्याची. 'क्वेरी-मायग्रेट' कम्प्लीटेड दाखवत असतं आणि स्क्रिप्ट मात्र अडकलेली. अशा वेळी 'प्रॉक'मध्ये त्या प्रोसेसची 'एफडी' डिरेक्टरी उघडून बघा, पाइप कोणाकडे लटकलाय ते लगेच दिसतं.

जमतच नसेल तर

'मायग्रेट' सुरुवातीलाच नकार देत असेल तर बहुतेक वेळा एखादं उपकरण आडवं आलेलं असतं. होस्टची डिरेक्टरी ९पी ने गेस्टमध्ये माउंट केलेली असेल तर क्यूएमू साठवू देत नाही. आधी गेस्टमधून ती अनमाउंट करा. थेट जोडलेली ग्राफिक्स कार्डं हाही नेहमीचा अडथळा.

उठवताना एखाद्या उपकरणाच्या नावाने एरर आली तर कमांडलाइन जशीच्या तशी आहे ना ते बघा. एक नेटवर्क कार्ड कमी असेल किंवा पीसीआयवरचा क्रम बदलला असेल, तेवढ्यावर अडतं. म्हणूनच मी हेडरमध्ये कमांडलाइन ठेवतो.

उठलेल्या गेस्टचं घड्याळ काल झोपला तिथेच असू शकतं. गेस्ट एजंट बसवलेला असेल तर 'गेस्ट-सेट-टाइम' द्या, लिबव्हर्टवाल्यांनी 'डॉमटाइम'ला 'सिंक' जोडून चालवावं, नाहीतर गेस्टमध्ये जाऊन क्रोनीला (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) 'मेकस्टेप' सांगा. हे व्हीएमकडे कोणाचं लक्ष जायच्या आत करा, कारण टीएलएस सर्टिफिकिटं आणि लॉगच्या तारखा तोवर चुकीच्या वेळेवर चालत असतात.